साडेब्याण्णव टंच

चांदीला जात नसते असं सराफ म्हणतात. चांदीला नसेल, चांदी घेऊन येणाराला असते. आणि भाव ठरतो तो नुसती चांदी बघून नाही, आणणारा बघून ठरतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये तराजूसमोर उभा राहून शिकलो. लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठीच, की आपल्या कितीतरी घरांत अजून एखादा वाळा, एखादी तोडलेली साखळी, म्हातारीच्या पायातली जोडवी फडक्यात बांधून पडली आहेत. ती एक दिवस बाजारात जाणार. कुणाच्या आजारपणात जातील, कुणाच्या फीत जातील. जाताना सोबत हे चार शब्द असू द्यात.

आमच्या घरात जी चांदी होती ती दागिन्याची नव्हती. चमचे आणि काटे होते. सहा मोठे चमचे, सहा काटे, सहा चहाचे चमचे. गोऱ्या साहेबाचे. महारवाड्यातल्या कुडाच्या घरात, ज्वारीच्या कणगीत, पत्र्याच्या डब्यात पुरलेले. सुऱ्या नव्हत्या. लहानपणी मी आज्जीला विचारलं होतं, साहेबानं चमचे दिले, काटे दिले, मग सुऱ्या का नाही दिल्या? आज्जी म्हणाली, "आपल्या हातात सुरी कोण देतंय लेकरा?"

आता धातूचं राजकारण बघा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं अंगावर काय घालावं ते लिहून ठेवलंय. लोखंडाचे दागिने. जेवावं कशात? फुटक्या भांड्यात. म्हणजे ज्यानं कायदा लिहिला त्याला धातू चांगला कळत होता. लोखंड गंजतं आणि फुटक्या भांड्यात काही साठत नाही. माणसाजवळ काही साठूच द्यायचं नाही, हा त्यातला हिशेब. सोनंचांदी म्हणजे गरिबाची बँक. ती बँकच आपल्याला बंद होती.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब आपल्या बायांशी बोलले. गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे आणि चांदीचे गोठ, ही तुमची ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाका असं सांगितलं. घालायचंच तर सोनं घाला, नाहीतर काहीच घालू नका, असा त्याचा मतलब. मला पूर्वी हे कोडं वाटायचं. एकीकडे आपल्याला चांगला दागिना बंद, दुसरीकडे बाबासाहेब आहे तो दागिना उतरवायला सांगतात. नंतर उलगडलं. दागिना म्हणजे नुसता धातू नाही, तो शिक्काही असतो. कुणी मारलेला शिक्का तुम्ही हौसेनं मिरवायचा नाही.

आणि बंदी काही मनूच्या काळात संपली नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे १९३६ चं भाषण काढून बघा. त्यात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत आहे, १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेली. गावच्या वरच्या जातींनी बलाईंवर हुकूम लादले, त्यातला एक असा की त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. त्याच भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची १९३५ ची हकीकत आहे. आपल्या बाया मातीच्या मडक्याऐवजी धातूच्या भांड्यानं पाणी आणायला लागल्या म्हणून त्यांना मारलं. भांडं स्वतःच्या पैशाचं होतं. तरी मारलं. घागर तांब्याची झाली एवढाच गुन्हा.

अशा मुलखात माझ्या पणज्याच्या घरी चांदी आली कुठून?

पणजा बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या अंमलदारांच्या मेसमध्ये होता. १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची पलटणीतली भरती बंद केली. हातात बंदूक नको झाली, पण हात मात्र हवे होते. पलटणीचं दार बंद झालं तरी साहेबाच्या स्वयंपाकघराचं दार किलकिलं राहिलं. आपली कितीतरी माणसं त्या दारानं आत गेली. बटलर, मसालची, हमाल. पणजाचं काम चांदी घासण्याचं. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते. अंड्यानं तर लगेच. साहेब लोक रोज सकाळी अंडं खाणार, चमचे रोज काळे पडणार, पणजा रोज खडूच्या भुकटीनं आणि मऊ कातड्यानं ते घासणार. १ ऑक्टोबर १९४१ ला त्याच बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मैदानावर आपली पोरं कवायत करत होती, आणि पणजा आत चमच्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासत होता. आज्जी सासऱ्याकडून ऐकलेलं सांगते, "त्येंचं तोंड चमच्यात उलटं दिसायचं म्हनं."

त्याच पणज्याला सुट्टीत गावी आल्यावर पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती. समुद्रापलीकडून आलेला माणूस त्याच्या हातचा चमचा तोंडात घालत होता. गावातला माणूस त्याची सावली चुकवत होता. साहेब काही संत नव्हता. तो राज्य करायला आला होता, आणि त्याच्यासाठी पणजा तिशी ओलांडली तरी 'बॉय'च होता. पण एवढी गोष्ट खरी, की शिवाशिव हा निसर्गाचा नियम नाही हे पणज्याला पुस्तकाविना कळलं ते त्या चमच्यापाशी. आमच्याच पट्ट्यात, माणगावला, १९२० च्या मार्चमध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे. ज्याला कळायचं त्याला कपातून कळलं, चमच्यातून कळलं. ज्याला कळून घ्यायचं नव्हतं त्याच्यापुढे अख्खा समुद्र ओतला तरी काय?

१९४७ ला साहेब निघाले. जाताना एकानं पणज्याला तो डबा दिला आणि सोबत एक चिठ्ठी दिली. इंग्रजीत. मी स्वतःच शब्दकोश घेऊन ती लावली, कारण आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला. चिठ्ठीचा मतलब असा : हा माणूस इमानी आहे, दारू पीत नाही, चांदी नीट सांभाळतो. त्याला हा जुना डबा मी राजीखुशीनं दिला आहे, त्याला कुणी अडवू नये.

त्याला कुणी अडवू नये. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. साहेबाला ठाऊक होतं. ह्या देशात ह्या माणसाच्या हातात चांदी दिसली की पहिला प्रश्न कुठला येणार, ते त्या परक्या माणसाला ठाऊक होतं.

पणज्यालाही ठाऊक होतं. म्हणून डबा कणगीत गेला. गावात कुणाचं कोंबडं चोरीला गेलं तरी पहिली झडती महारवाड्याची. तिथं चांदीचे काटेचमचे सापडले असते तर चिठ्ठी वाचायला कोण थांबलं असतं? अठ्ठ्याहत्तर वर्षं ती चांदी अंधारात राहिली. एकदाच बाहेर आली. माझ्या बापाच्या उष्टावणाला आज्जीनं एक चहाचा चमचा काढला, दार लावून घेतलं, त्याला दूधभात भरवला आणि चमचा परत डब्यात. स्वतःच्या घरात स्वतःच्या चमच्यानं पोराला भरवायला दार लावून घ्यावं लागलं.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. बहिणीला नर्सिंगला जागा मिळाली. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, वसतिगृहाचे पैसे मात्र आधी. आज्जीनं डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

तेव्हा दोस्तांमध्ये वाद झाला. एक म्हणाला, विकू नको, हा वारसा आहे, संग्रहालयात दे. दुसरा म्हणाला, गुलामीची निशाणी घरात ठेवलीच कशाला, फेकून दे. मी दोघांचं ऐकून घेतलं. संग्रहालयात काचेमागं चमचे ठेवतील आणि खाली पाटी लावतील साहेबाच्या पलटणीची. घासणाऱ्याची पाटी कोण लावतंय? आणि फेकून द्यायला ती काय साहेबाची एकट्याची आहे? शेवटी आज्जीनंच मिटवलं. "पोरीचं शिक्षान र्‍हायलं तर त्या चमच्यानं काय राख खायची हाय?"

पहिल्या दुकानात गेलो. गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही. मालकानं चमचा उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याकडे बघितलं.

"कुठनं आणलं हे?"

"घरचं आहे."

"घरचं? आडनाव काय?"

आडनाव सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच.

"बिल आहे?"

१९४७ सालचं साहेबाच्या भेटीचं बिल मी कुठून आणू? चिठ्ठी काढून दिली. त्यानं आतून पोराला बोलावलं, पोरानं अडखळत वाचली. मालक म्हणाला, "ह्यात तुझं नाव कुठं आहे? नुसतं बॉय लिहिलंय. असले बॉय छप्पन होते." मग आवाज खाली आणला. "बघ बाबा, माल कसला, कुणाचा, आम्ही विचारत नाही. सत्तर टंच धरतो. पटलं तर ठेव, नाहीतर उचल."

उचलला. पण तिथून बाहेर पडताना एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. आधी विचारायचं कुठनं आणलं आणि मग म्हणायचं आम्ही विचारत नाही, ही भाव पाडायची रीत आहे. चोरीचा माल स्वस्तात मिळतो, म्हणून विकणाराला आधी चोर ठरवायचं. जातीचा अपमान हा नुसता अपमान नसतो, दोस्तहो, त्याच्या पोटात कायम कुठलातरी हिशेब असतो. तो आपण मांडून बघत नाही. रागावतो आणि घरी येतो. राग बरोबर आहे. पण हिशेबही मांडला पाहिजे.

टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती. सत्तर टंच म्हणजे शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅम चांदी, बाकी तांबं वगैरे. आता माझ्या चमच्याच्या मागं बारीक शिक्के होते. एक चालता सिंह, एक नांगर. नांगर म्हणजे शेतातला नव्हे, जहाजाचा. मी वाचनालयात बसून शोधून काढलं होतं. चालता सिंह ही इंग्लंडातल्या स्टर्लिंग चांदीची खूण. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, साडेब्याण्णव टंच. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली. ह्या दोन खुणा मालकाला दिसल्या नसतील असं मला वाटत नाही. चांदीवर सिंह होता तो त्यानं बघितला नाही, कपाळावरचं आडनाव तेवढं बघितलं.

दुसऱ्या दिवशी रातपाळी करून तसाच हुपरीला गेलो. हुपरी आमच्याच हातकणंगले तालुक्यात. तिथं घरोघरी चांदीचं काम, पैंजण आणि घुंगरं. पहिल्यांदा टंच काढणाऱ्याकडे गेलो, विकत घेणाऱ्याकडे नाही. हा फरक ध्यानात ठेवा. जो विकत घेणार त्याच्याकडून शुद्धता तपासून घ्यायची म्हणजे न्यायाधीश आणि फिर्यादी एकच करायचा. टंचवाल्यानं ओळखपत्र मागितलं. ते मी खुशीनं दिलं. तो सगळ्यांकडेच मागत होता, माझ्यापुढच्या शेटकडेही मागितलं. नियम सगळ्यांना असतो तेव्हा तो नियम. एकट्यालाच विचारतात तेव्हा ती जात.

मोठे चमचे आणि काटे मिळून ७२० ग्रॅम भरले. टंच आला साडेब्याण्णव. म्हणजे शुद्ध चांदी ६६६ ग्रॅम. त्या दिवशी ग्रॅमला १०५ रुपये भाव धरला. झाले ६९,९३० रुपये. पहिल्या दुकानाच्या सत्तर टंचानं शुद्ध चांदी ५०४ ग्रॅम होत होती, ५२,९२० रुपये. फरक १७,०१० रुपये. आडनावाची ही कपात. माझ्या गिरणीतल्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त.

चहाच्या चमच्यांची गंमत वेगळीच. ते सगळ्यांत जास्त चकाकत होते. त्यांच्या मागं सिंह नव्हता, चार अक्षरं होती, ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर, अंगात एक कणही नाही. टंचवाला म्हणाला, "ह्येला भाव न्हाई भाऊ, घरी न्या." माझ्या बापाचं उष्टावण मुलाम्यानं झालं होतं तर! आज्जीला सांगितलं तेव्हा ती हसून हसून रडली.

कांशीराम यांनी १९८२ साली, पुणे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, चमचायुगावर पुस्तक लिहिलं. दुसऱ्याच्या हातात राहून दुसऱ्याचंच तोंड भरणारा तो चमचा. मला त्यात आता एक भर घालावीशी वाटते. चमच्यांतही दोन जाती आहेत. मुलाम्याचा चमचा नेहमी जास्त चकाकतो. जयंतीच्या मंचावर बघा, निळा फेटा, गळ्यात हार, तोंडात बाबासाहेब. चकाकी बघून त्याला तिजोरीत ठेवू नका. उलटा करा, मागचा शिक्का बघा. वेळ आली की आगीत घालून बघा. टंच तिथंच कळतो.

मग आटणी. कारागिरानं काटे कात्रीनं कापले, मुशीत घातले, वर टाकणखार टाकला, भट्टीचा झोत सोडला. दांड्यांवर साहेबाच्या मेसची नक्षी कोरलेली होती. ती पहिल्यांदा पुसट झाली, मग गेली. मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या चमच्यांच्या कडा एका बाजूनं पातळ झाल्या होत्या. रोज घासून. घासताना चांदी कणाकणानं कापडाला लागते. म्हणजे पणज्यानं जितकं जास्त काम केलं, तितकं चमच्यांचं वजन कमी झालं. त्याची दहाबारा वर्षांची मेहनत तराजूत धरली गेली ती उणे बाजूला. गिरणीत आमचं असंच असतं. सुताचं वजन होतं, फुफ्फुसात गेलेल्या कापसाचं होत नाही.

घट, टंच आणि आटणीची मजुरी वजा जाता ६९,४०० रुपये हातात आले. पावती घेतली. पावतीवर माझं पूर्ण नाव लिहून घेतलं, आडनावासकट. आमच्या घराण्यात चांदीच्या कागदावर आलेलं हे पहिलं पूर्ण नाव.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. तेव्हाचा रुपया म्हणजे चांदीच होती. १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे साडेएक्क्याण्णव टंचाच्या जरा वर. १८७३ नंतर जगात चांदी पडली, रुपया पडला, १८९३ ला सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडणं बंद केलं. ज्याच्या बापजाद्यांना शास्त्रानं लोखंड घालायला सांगितलं, त्यानं चांदीवर असा ग्रंथ लिहिला की त्याला डावलून भारताच्या चलनाचा इतिहास कुणी सांगू शकत नाही. मी तो पूर्ण समजलो असं म्हणत नाही. पण त्यातलं एक सूत्र माझ्या गिरणी कामगाराच्या डोक्यात पक्कं बसलं. नाण्याची खरी किंमत म्हणजे त्यानं काय विकत घेता येतं ती. नाणं स्थिर ठेवायचं म्हणजे गरिबाची खरेदीची ताकद स्थिर ठेवायची.

तेच माप मी चमच्यांना लावलं. कणगीत ती चांदी अठ्ठ्याहत्तर वर्षं होती, तिनं भीतीशिवाय काही विकत घेतलं नाही. आता तिनं एका पोरीचं वसतिगृहातलं वर्ष विकत घेतलं. ही पोरगी उद्या दवाखान्यात कुणाच्याही जातीच्या तोंडात औषधाचा चमचा घालेल. आजारी माणूस आडनाव विचारायच्या आधी तोंड उघडतो.

तेव्हा दोस्तहो, घरातली चांदी विकायची वेळ आली तर लाजू नका. धातू विकला म्हणजे बापजादे विकले असं होत नाही. पण घरातच वजन करून निघा. मागचे शिक्के बघा. टंच तिसऱ्याकडून काढून घ्या. भाव आधी विचारून ठेवा, गुणाकार स्वतः करा, पावतीवर पूर्ण नाव घाला. आणि आटवायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या, ही वस्तू कुणी कमावली, कुणी लपवली, कुणी घासली. पणज्याचं नाव चिठ्ठीत चुकीचं लिहिलेलं होतं. ते आज्जीला विचारून मी वहीत नीट लिहून ठेवलं आहे. त्याला आता कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

जयभीम.